कोंडी शिकवणारे भोये

काशिनाथ भोये यांनी फुटबॉलला पाय लावलेला मी एकदाही पाहिला नाही. बारा-तेरा वर्षं मी त्यांना मैदानाच्या कडेला पाहत होतो. चेंडू घरंगळत पायाशी आला तर ते बाजूला सरकत आणि जवळच्या कोणाला तरी म्हणत, “घे रे, तुझा हाय.” तरीही एकलहऱ्याच्या कॉलनीचा संघ जो खेळ खेळत होता तो भोयेंचा होता. त्याबद्दल कॉलनीत दुमत नव्हतं. दुमत होतं ते तो खेळ अजून चालतो की नाही याबद्दल. त्यावर लोक इतकी वर्षं भांडले की पुढे तो खेळ राहिला नाही, भांडण राहिलं.

भोये पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचे, कोकणा आदिवासी. वीज केंद्रात कोळशाच्या वॅगन रिकाम्या होतात त्या विभागात तंत्रज्ञ होते. उंची बेताची, खांदे रुंद. ड्यूटीवर बूट घालणं भाग असे. सुटल्यावर ते आधी बूट काढत, सायकलच्या हँडलला टांगत आणि चपलांवर मैदानात येत. शर्टाच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा असत. शेंग फोडली की दाणे शेजारच्याला आणि टरफल परत स्वतःच्या खिशात. संघ बरा खेळत असला की शेंगा भराभर फुटत. वाईट खेळत असला की हात नुसताच खिशात राही. साळवे टेलर सामन्याकडे पाठ करून उभे असले तरी भोयेंच्या खिशाकडे बघून सांगत, “आज काही खरं नाही.”

साळवे यांचं नाशिकरोडला शिवणकामाचं दुकान होतं. संघाच्या जर्सी ते शिवत आणि पाठीवरचे आकडे पिवळ्या कापडातून हाताने कापत. सात आणि एक हे आकडे त्यांच्या हातून सारखेच दिसत, आणि त्यावरून पंचांशी दर मोसमात एकदा तरी वाद होई. संघाचे ते सर्वांत जुने आणि सर्वांत नाराज चाहते होते. त्यांचा कायमचा विरोधी पक्ष म्हणजे रऊफभाई. ते भोयेंच्याच विभागात कामाला होते. दोघांची जागा ठरलेली होती: मैदानाला लागून असलेल्या रस्त्यावरच्या मोरीचा कठडा. मी त्या काळात एका दैनिकासाठी नाशिकरोडच्या बातम्या करत होतो. फुटबॉलला दोन इंच जागा मिळे. मी त्याच कठड्याच्या टोकाला उभा असे.

भोयेंच्या खेळाला कॉलनीने ‘कोंडी’ असं नाव दिलं होतं. प्रतिस्पर्धी बचावपटूला स्वतःच्या गोलकडे तोंड करून चेंडू घ्यावा लागला, की भोये हाक देत. दोन सुरांची हाक, पहिला आखूड, दुसरा लांब. डोंगरात या टेकडीवरून त्या टेकडीवर माणसं देतात तशी. हाक ऐकली की अकराही जण एकदम पुढे सरकत. चेंडू हिसकावायला कोणी जायचं नाही, हा नियम. एकाने डावी वाट अडवायची, एकाने उजवी, एकाने गोलरक्षकाकडे परत जाणारी. वाटा संपल्या की चेंडूवाला स्वतःच घाबरून चूक करी.

“चेंडू घेऊ नका,” भोये सांगत. “चेंडू तो आपणहून देतो. वाटा घ्या.”

सरावाचा पहिला अर्धा तास चेंडू नसे. भोये विहिरीचा लांब दोर आणत. अकरा जणांनी तो डाव्या हातात धरायचा आणि मैदानभर सरकायचं. पुढे, मागे, तिरपं. दोर सैल पडला तर कोणीतरी मागे राहिला. ताणला गेला तर कोणीतरी एकटाच पुढे गेला. भोये फक्त दोराकडे बघत. लष्करी कॅम्पाकडून आलेला एक पाहुणा खेळाडू पहिल्याच दिवशी म्हणाला, “दादा, हम फुटबॉल खेलने आए हैं या बैल बाँधने?” भोयेंनी त्याला दोराचं टोक दिलं. पंधरा मिनिटांत त्याच्याकडचा दोर सात वेळा ताणला गेला.  भोयेंनी सात शेंगा फोडल्या आणि दाणे त्याच्या हातावर ठेवले.

हे त्यांना कोणी शिकवलं, हा प्रश्न मी बातमीदार म्हणून विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही, पत्ता दिला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी संघातले नऊ जण, साळवे, रऊफभाई आणि मी पेठच्या एसटीने त्यांच्या पाड्यावर गेलो. ओहोळाचं पाणी उतरलं होतं. खालच्या तोंडाला गावाने मासे अडकवायला दगड रचून मधे बांबूच्या टोपल्या बसवल्या होत्या. वरच्या बाजूने पंधरा-वीस बायामाणसं एका ओळीत पाण्यात उतरली आणि पाय घासत खाली येऊ लागली. कोणी घाई करत नव्हतं. आमची माणसंही ओळीत शिरली. मध्यावर पोचलो तेव्हा बाळू जाधवला पायाशी हातभर मासा दिसला. बाळू संघाचा कर्णधार, मधल्या फळीत खेळणारा, सगळ्यांत तेज. तो खाली वाकला.

मासा त्याच्या दोन पायांमधून गेला. त्याच्या मागून आणखी किती गेले ते मोजता आलं नाही. ओळीतली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बाळूला जे बोलली त्यातलं निम्मं आम्हाला कळलं नाही. रऊफभाईंनी विचारलं, “काय म्हणते मावशी?”

भोये म्हणाले, “विचारते, हा कोणाचा जावई? याला परत धाडा.”

परतीच्या एसटीत बाळू शेवटच्या सीटवर एकटाच बसला होता. भोये त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी पुढच्या सीटवर होतो. “वाकायचा मोह होतो,” एवढंच ते त्याला म्हणाले. “मला पण व्हायचा. तू लय पुढं जाशील, पण वाकू नको.” त्यानंतर बाळू कधी वाकला नाही. संघात कोंडीची सुरुवात त्याच्यापासून होऊ लागली. हाक आली की पहिलं पाऊल त्याचं, आणि बाकीचे दहा त्याच्या पाठीवरचा पिवळा आठ बघून सरकत.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला या संघाने सलग तीन मोसम जिल्ह्यातल्या वरच्या गटातल्या संघांना हरवलं. कॅम्पाकडच्या एका तगड्या संघाविरुद्धचा सामना लोकांना सगळ्यांत जास्त आठवतो. त्यांचे खेळाडू उंचीने आणि वजनाने मोठे होते, बूट नवे होते. पहिल्या वीस मिनिटांत त्यांना अर्धी रेषा ओलांडता आली नाही. त्यांचा एक बचावपटू चारही बाजूंना बघून थांबला आणि त्याने चेंडू सरळ बाहेर मारला. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी त्याने तो बाळूच्या पायात दिला. साळवे मोरीच्या कठड्यावर उभे राहून ओरडत होते, “अरे, जाऊ द्या त्याला घरी! आई वाट बघत असेल त्याची!” सामना ३-० सुटला. लोकांनी भोयेंना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी सायकल मधे धरली. “दुसऱ्या गोलाच्या वेळी डावीकडून दोघं उशिरा आले,” ते म्हणाले आणि ड्यूटीवर गेले.

त्या संध्याकाळी कॉलनीत जे वातावरण होतं त्याचं वर्णन बातमीत बसत नव्हतं. ते आजही मला नीट करता येत नाही. माणसं एकमेकांच्या दारात उभी राहून चार-चार वेळा तोच गोल सांगत होती. ज्यांनी सामना पाहिला नव्हता तीही सांगत होती.

पुढे काय झालं ते साधं आहे. इतर संघ शिकले. हाक ऐकली की त्यांचा बचावपटू इकडे-तिकडे न बघता उंच लांब चेंडू मारू लागला, आपल्या पुढे सरकलेल्या ओळीच्या डोक्यावरून, मागच्या मोकळ्या जागेत. शिवाय आपल्या संघाचं वय वाढलं. कॉलनीतली पोरं शिकून पुण्याला जाऊ लागली आणि दोर धरायला तीच जुनी माणसं उरली. बाळू पस्तिशीचा झाला. त्याचा उजवा गुडघा सुजू लागला. सामन्याआधी तो त्यावर पट्टी गुंडाळी आणि पट्टी दिसू नये म्हणून मोजा वर ओढून घेई. ती सगळ्यांना दिसत होती.

मोरीवरची सभा याच काळात रोज भरू लागली.

“कोंडी संपली,” साळवे म्हणत. “कापड जुनं झालं की मी उसवून पिशव्या शिवतो. त्याचाच कोट घालून कोणी लग्नाला जातं का?”

“टेलर, कोंडी नाही संपली. फेफडे संपले,” रऊफभाई म्हणत. “नवीन फेफडे आणा, देखो फिर.”

“कुठून आणू? तुमचा मुलगा तर कॉम्प्युटरला बसलाय.”

“तुमचा कुठे धावतोय? त्याला तर तुमची पँट पण कमरेत होत नाही.”

“मुद्द्यावर या. पाच सामन्यांत नऊ गोल बसले. नऊही मागच्या मोकळ्या जागेतून. मागे थांबायला काय जातं? मागे थांबा, त्यांना येऊ द्या.”

“येऊ द्या? घर आहे का ते, येऊ द्या? काशीदादांच्या संघाने दारात बसून वाट बघायची?”

भोये दोन पावलांवर बसून शेंगा सोलत असत. त्यांना कोणी मत विचारत नसे, ते देतही नसत. त्यांच्याचबद्दल बोललं जात होतं, पण जणू ते दुसऱ्या गावचे असावेत तसं. एकदा साळवे चिडून म्हणाले, “दादा, तुम्ही तरी बोला!” भोयेंनी त्यांच्या हातावर दाणे ठेवले. “बोला तुम्ही,” ते म्हणाले. “मी ऐकतो हाय.”

त्या मोसमाच्या शेवटी वरच्या गटात टिकायचं की खाली जायचं, हे एका सामन्यावर आलं. बरोबरी पुरेशी होती. शुक्रवारी मोरीवर पंचवीसेक लोक जमले आणि पहिल्यांदाच हात वर करून मत घेतलं गेलं. रऊफभाई आणि आणखी चौघं सोडून सगळे साळव्यांच्या बाजूने होते: रविवारी कोंडी नको. भोयेंनी वर झालेल्या हातांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “ठीक. रविवारी मागं राहू.”

इतक्या सहज मिळालेला विजय साळव्यांना झेपला नाही. ते त्या दिवशी लवकर घरी गेले.

शनिवारी मी भोयेंना गाठलं. बारा वर्षांचा खेळ वीस हात वर झाले म्हणून सोडला का, असं विचारलं. ते सायकलची चेन बसवत होते. “कोंडी खेळायची तर पहिलं पाऊल जोरात पडलं पाहिजे,” ते म्हणाले. “बाळूचं पडत नाय. त्याला बाहेर बसवावं लागलं असतं.” मग हात पुसून म्हणाले, “हे छापू नका.” मी छापलं नाही.

रविवारी सकाळी सामना सुरू झाला. भोयेंनी संघाला एवढंच सांगितलं होतं, “आज हाक येणार नाय. वाट बघू नका.” संघ मागे थांबला. प्रतिस्पर्धी येत होते, अडत होते, परत जात होते. बघायला काही नव्हतं. बरोबरीकडे सामना नीट सरकत होता, आणि कठड्यावरची माणसं हळूहळू एकमेकांशी दुसऱ्याच विषयांवर बोलू लागली होती.  साळवे रेषेपर्यंत पुढे गेले होते. मी त्यांच्यापासून तीन माणसं सोडून उभा होतो. भोये आमच्या समोर, पलीकडच्या बाजूला.

सहा-सात मिनिटं उरली असताना प्रतिस्पर्धी बचावपटूकडे चेंडू आला. त्याचं तोंड स्वतःच्या गोलकडे होतं. चेंडू त्याच्या पायातून जरा पुढे सुटला. दोन्ही बाजूंना त्याचं कोणी नव्हतं. अशी वेळ मैदानावरच्या प्रत्येकाने शंभर वेळा पाहिली होती. तिच्यानंतर काय येतं ते प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्या दिवशी ते येणार नव्हतं.

हाक आली. दोन सुरांची, पहिला आखूड, दुसरा लांब. बरोबर तशीच. ती साळव्यांनी दिली होती.

पाच जण पुढे धावले. ज्यांची तोंडं भोयेंच्या बाजूला होती ते थांबले, कारण त्यांना भोयेंचं तोंड बंद दिसलं. धावलेल्यांत सर्वांत पुढे बाळू होता. त्या गुडघ्यावर तो इतक्या वेगाने गेला की रऊफभाई “अरे, अरे” म्हणत राहिले. तो अर्ध्या पावलाने कमी पडला. चेंडू त्याच्या बाजूने निघाला, पुढे धावलेले आणि मागे थांबलेले यांच्यामधल्या रिकाम्या पट्ट्यात पडला, आणि तिथून त्यांच्या एकाने तो कॉलनीच्या गोलमध्ये मारला. बाळू गवतावर बसला होता.

सामना ०-१ सुटला. माणसं रेषा ओलांडून आत आली. साळवे आले नाहीत. ते होते तिथेच उभे होते, तोंडावर हात ठेवून. बाळूला दोघांनी धरून उठवलं. तो लंगडत भोयेंपर्यंत आला. सगळे ऐकत होते.

“दादा, हाक तुमची होती ना?”

भोयेंनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग एकदा मैदानाच्या पलीकडे, साळव्यांकडे.

“माझीच व्हती,” ते म्हणाले. “माझं चुकलं. तू बरोबर धावला.”

संघाच्या व्यवस्थापकांनी मला थोड्या वेळाने सांगितलं की ऐनवेळी चुकीचा इशारा दिल्याचं प्रशिक्षकांनी मान्य केलं आहे. दुसऱ्या दिवशी तसंच छापून आलं. भोये जे बोलले ते मी अचूक छापलं. ते खरं नव्हतं, हे मला छापताना माहीत होतं.

त्या आठवड्यात भोयेंनी दोर संघाच्या खोलीत ठेवला आणि ते पुन्हा सरावाला आले नाहीत. कारण कोणी विचारलं तर “ड्यूटी बदलली” म्हणत. ड्यूटी बदलली नव्हती. नवे प्रशिक्षक शिकलेले होते, त्यांच्याकडे शिट्टी आणि वही होती. संघ खालच्या गटात मागे थांबून खेळू लागला. हरण्याचं प्रमाण कमी झालं. मोरीवरची माणसंही कमी झाली.

उरलेल्यांचं भांडण चालूच होतं. आता प्रश्न असा होता की त्या दिवशी अकराही जण धावले असते तर काय झालं असतं. रऊफभाई म्हणत, “गोल होता, लिहून घ्या.” आश्चर्य म्हणजे साळवे आता विरोध करत नसत. “असता,” एवढंच म्हणत. एकदा संघाने सामना जिंकला आणि रऊफभाई कठड्यावरून उतरत मला म्हणाले, “जिंकलो ना? मग घरी जाऊन बायकोला काय सांगू? काय पाहिलं मी?”  नवे प्रशिक्षक वाईट नव्हते, खेळाडू मन लावून खेळत होते. तरी मैदानावर प्रतिस्पर्ध्याला चेंडू स्वतःच्या गोलकडे तोंड करून मिळाला की कठड्यावरचं बोलणं आपोआप थांबे.  मग खेळ पुढे जाई.

भोये त्यानंतर पाच-सहा वर्षं कॉलनीत होते. भेटले की शेंगा देत, फुटबॉल सोडून सगळं बोलत. साळवे त्यांच्या समोर येणं टाळत. रस्त्यात सायकल दिसली तर दुकानात आत जाऊन मशीनवर बसत.

भोये निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून पाड्यावर राहायला निघाले, त्या दिवशी सकाळी रऊफभाईंच्या निरोपावरून मी गेलो. टेम्पोत सामान चढवलं जात होतं. फार सामान नव्हतं. एक आरशाचं कपाट तेवढं मोठं होतं. बाळू, आता जाड झालेला, ते खालून ढकलत होता. भोयेवहिनी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या होत्या. तेवढ्यात साळवे आले. स्कूटर लावून ते बराच वेळ टेम्पोच्या मागे उभे राहिले.

“भोयेदादा,” ते म्हणाले, “त्या दिवशी…”

“टेलर, त्या आरशाला चादर गुंडाळ. घाटात लय गचके बसतात.”

साळवे टेम्पोत चढले. त्यांनी चादरीच्या घड्या घातल्या, कोपरे दुमडले, सुतळीने बांधल्या. शिंप्याच्या हाताचं काम होतं, सुबक झालं. मग आरशाकडेच तोंड ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हाक मी दिली होती. दादांनी नाही.”

 बाळूचा हात कपाटावरच राहिला.

“मला माहीत हाय,” भोये म्हणाले. “मी तुझ्याकडंच बघत व्हतो.”

“मग नाव का घेतलं नाही माझं? मीच बोंबलत होतो ना, कोंडी संपली, कोंडी संपली…”

भोये टेम्पोच्या फळीवर बसले होते. त्यांनी पाय वर घेतले, कपाटाला पाठ टेकली. 

“माझ्या पण तोंडापर्यंत आली व्हती,” ते म्हणाले. “शुक्रवारी मी शब्द दिला, रविवारी तोंड दाबून उभा व्हतो. तू आधी दिली, एवढंच. तू नसती दिली तर मी दिली असती.”

साळवे खाली उतरले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. रऊफभाईंनी फळी वर करून खिट्ट्या लावल्या आणि टेम्पोच्या अंगावर दोनदा थाप मारली. साळव्यांना काहीतरी म्हणायचं होतं, ते दोन पावलं टेम्पोमागे गेले आणि थांबले. कॉलनीचा रस्ता तिथून सरळ जातो आणि फाटकाजवळ वळतो. भोये मागे तोंड करून बसले होते, त्यामुळे ते आम्हाला आणि आम्ही त्यांना वळणापर्यंत दिसत राहिलो.